राजाबाई टॉवर, त्याखालचं ग्रंथालय आणि आजूबाजूचा फोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या ओव्हल मैदानात उभं राहून कुणालाही विचारा, समोरची ती इमारत कसली? उत्तर एकच येईल, ‘राजाबाई टॉवर’. ‘विद्यापीठाची लायब्ररी’ म्हणणारा शंभरात एखादा. वास्तविक आधी ग्रंथालय ठरलं, मनोऱ्याची भर मागाहून पडली. खालचे प्रश्न याच परिसराबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत. उत्तरं देताना माझा कल ग्रंथालयाकडे झुकलेला दिसेल, ते जाणूनबुजून आहे.

ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर या दोन वेगळ्या इमारती आहेत का?

नाही, वास्तू एकच. मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून लांबट ग्रंथालय आहे आणि त्याच्या दर्शनी बाजूला मधोमध मनोरा उभा आहे. मनोऱ्याचा तळ म्हणजे ग्रंथालयाचा पोर्च. घोडागाडी थेट आत यावी, पाहुण्याने पावसात न भिजता उतरावं, अशी ती सोय. दोन्ही बाजूंना कमानींचे सज्जे आणि कोपऱ्यांत गोल जिने आहेत. मनोऱ्याच्या उंचीकडे बघत मान मोडून घेण्याआधी या गोल जिन्यांकडे एकदा नीट बघा. दगडात इतकी नाजूक जाळी आणि इतक्या बारीक खांबांची ओळ मुंबईत फार ठिकाणी दिसत नाही.

ही राजाबाई कोण? कुठल्या संस्थानची राणी होती का?

राणीबिणी कुणी नाही. शेअर बाजारातले मोठे दलाल आणि कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या त्या आई. प्रेमचंदांनी १८६४ साली आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. मग त्याच वर्षी घड्याळ आणि घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यावं अशी इच्छा कळवली. नाव आईचं लागलं ते मनोऱ्याला, आणि मनोरा एवढा उंच झाला की पुढे सगळी इमारतच त्या नावाने ओळखली जाऊ लागली.

एका माणसाकडे त्या काळात चार लाख रुपये आले कुठून?

अमेरिकेतल्या यादवी युद्धातून. १८६१ साली तिथे युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव कडाडले. शहरात इतका पैसा आला की तो ठेवायचा कुठे हाच प्रश्न पडला. रोज नवी बँक निघे, नवी कंपनी निघे. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले होते. या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. त्यांच्या एका शब्दावर बँका कर्ज देत.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला, आणि १ जुलै १८६५ या सौदे पुरे करण्याच्या दिवशी अनेकांचं दिवाळं वाजलं. प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. पण विद्यापीठाची देणगी त्याआधीच देऊन झालेली होती. देणगीचा विचार वर्षभर लांबणीवर पडला असता, तर आज त्या जागी काय असतं देव जाणे. मुंबईतल्या कितीतरी देखण्या दगडी इमारतींचा पाया या चार वर्षांच्या तेजीत घातला गेलाय. त्यांच्याकडे बघताना फक्त ‘इंग्रजांनी बांधल्या’ असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. आराखडे त्यांचे असतील, थैल्या पुष्कळदा इथल्या शेटजींच्या होत्या.

प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती तिकडे फार मानाची समजली जाते.

राजाबाईंना दिसत नव्हतं, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने घंटा बांधली, हे खरं का?

ही गोष्ट घराघरात सांगितली जाते. राजाबाई जैन, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचा नियम पाळणाऱ्या, दृष्टी गेलेली, तेव्हा घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळायची. गोष्ट गोड आहे. देणगीच्या व्यवहारातून पक्कं दिसतं ते इतकंच की मुलाला ग्रंथालयाला लागून मोठं घड्याळ आणि घंटा हव्या होत्या आणि त्यांना आईचं नाव हवं होतं. मनोरा पुरा होऊन घड्याळ सुरू व्हायला देणगीपासून चौदा वर्षं लागली, हेही ध्यानात ठेवावं. आईसाठी तातडीची सोय म्हणून पाहिलं तर हा फारच लांबचा बेत होता.

बांधकाम कधी झालं?

कोनशिला १ मार्च १८६९ ला बसली, मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरा झाला, आणि ग्रंथालय २७ फेब्रुवारी १८८० ला उघडलं. खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये.

आराखडा करणारा वास्तुकार मुंबईला कधी आलाच नाही म्हणतात. मग बांधलं कुणी?

आला नाही, हे खरं आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे लंडनमधलं त्या काळचं बडं प्रस्थ. सेंट पँक्रस स्थानकाचं हॉटेल आणि आल्बर्ट मेमोरियल ही त्यांची कामं. मुंबईच्या ग्रंथालयाचे आणि शेजारच्या दीक्षान्त सभागृहाचे नकाशे त्यांनी तिकडूनच पाठवले. मार्च १८७८ मध्ये ते वारले, म्हणजे मनोऱ्याचं काम पुरं झाल्याची बातमीसुद्धा त्यांना मिळाली नाही.

जागेवर काम उभं केलं ते इथल्या इंजिनीअरांनी आणि पाथरवटांनी. देखरेख करणारे सहाय्यक इंजिनीअर होते मुकुंद रामचंद्र. पिवळसर दगड कुर्ल्याचा, आणि कोरीवकामाला मऊ पडणारा पोरबंदरचा. हजारो मैलांवरून आलेल्या कागदावरच्या रेघांचा अर्थ लावायचा, त्या इथल्या दगडात उतरवायच्या, वर मुंबईचा पावसाळा सोसायचा. आमच्या पाठ्यपुस्तकांत स्कॉटसाहेबांना एक ओळ मिळते, मुकुंद रामचंद्रांना तीही नाही.

वास्तूची शैली कोणती?

गॉथिक, त्यात व्हेनिसच्या वळणाची भर. टोकदार कमानी गॉथिक, तर एकावर एक येणारे मोकळे सज्जे व्हेनिसकडचे. मुंबईच्या हवेला हे सज्जे मानवले, कारण उन्हाची तिरीप आणि पावसाची झड भिंतीपर्यंत थेट पोहोचत नाही.

ही बिग बेनची नक्कल आहे का?

उंच मनोरा आणि वर चौफेर घड्याळ, एवढ्यापुरतं साम्य आहे. लंडनचा मनोरा सुमारे ९६ मीटर, आपला २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. पण लंडनचा मनोरा शेवटपर्यंत चौकोनी आणि सरळसोट राहतो. राजाबाई वर जाताना चौकोनाचा अष्टकोन होतो, मग अणकुचीदार शिखरांत विरत जातो. नक्कल म्हणणाऱ्याने दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघावेत.

बांधला तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं मुंबईत याहून उंच काही नव्हतं.

मनोऱ्यावर माणसांचे पुतळे आहेत ते कुणाचे?

देवांचे नाहीत, संतांचे नाहीत, गव्हर्नरांचेही नाहीत. ते आहेत पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे नमुने. एकूण २४. काही पहिल्या सज्जाच्या वरच्या अंगाला, जमिनीपासून साधारण तीस फुटांवर, कोनाड्यांत उभे आहेत, बाकीचे वर. खालून बोटभर वाटतात, पण एकेक आकृती आठ फुटांच्या आसपास आहे. त्यांचे नमुने घडवले तेही याच मुकुंद रामचंद्रांनी.

दुर्बीण असेल तर जरूर आणा आणि आधी डोक्यांकडे बघा. पगडी, फेटा, पागोटं, टोपी यावरून कच्छी कोण, वाणी कोण, पारशी कोण, राजपूत कोण हे ओळखता येतं. त्या काळच्या मुंबईत माणूस दुरून ओळखायचा तो डोक्यावरूनच. अर्थात प्रजेला जातीजातींत मांडून, एकेकाचा नमुना करून ठेवायची हौस ही त्या वेळच्या सरकारी नजरेची. युरोपातल्या चर्चवर जिथे संत उभे असतात, त्या जागी इथे जाती उभ्या आहेत. मला हे पुतळे आवडतात आणि खटकतातही.

घड्याळ आणि घंटांबद्दल सांगा. पूर्वी गाणी वाजायची का?

हो. घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली या कंपनीचं. चारही दिशांना तबकड्या, प्रत्येकीचा व्यास साडेबारा फूट. घंटा सोळा. इंग्रजी राज्यात यावर सोळा धुना वाजत आणि त्या दिवसातून चारदा बदलत. ब्रिटिश राष्ट्रगीत, ‘रूल ब्रिटानिया’, ‘होम स्वीट होम’ असा सगळा तिकडचा माल. आता दर पंधरा मिनिटांनी एकच धून वाजते. मैदानात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात, एकाच्या फाइन लेगला दुसऱ्याचा पॉइंट उभा असतो, आणि त्या गलक्यात टोल पडले की कुठल्या तरी टीमचा कॅप्टन हमखास वर बघून उरलेल्या षटकांचा हिशोब मांडतो.

मनोऱ्यावर चढता येतं का?

नाही. पूर्वी लोक जात असत. १८९१ मध्ये दोन पारशी तरुणींचा इथून पडून मृत्यू झाला. ते प्रकरण आणि त्यावरचा खटला मुंबईभर गाजला. नंतरही दुर्घटना घडल्या आणि मनोरा सर्वसामान्यांना बंद झाला. या घटनेवरून भुताखेताच्या कहाण्या रचून सांगणारे भेटतात. दोन मुलींचा जीव गेला त्याचं असं करमणुकीत रूपांतर करू नये, एवढंच म्हणेन.

ग्रंथालयात आत जाता येतं का?

हे पर्यटनस्थळ नाही, चालू ग्रंथालय आहे. विद्यापीठाचे विद्यार्थी, शिक्षक, संशोधक यांना ओळखपत्रावर प्रवेश मिळतो. बाहेरच्या संशोधकाने संस्थेचं पत्र घेऊन आधी परवानगी काढावी. नुसती इमारत बघायची असेल तर गेटवरचा पहारेकरी बहुतेक वेळा हात आडवा करेल, आणि त्याच्याशी हुज्जत घालून काही होत नाही. अधूनमधून वारसा फेऱ्या निघतात, त्यांच्याबरोबर जाणं सगळ्यात सोपं. तारखा विद्यापीठाकडे विचारून घ्या.

आत पाऊल टाकलंत तर वरच्या मजल्यावरचं वाचनदालन चुकवू नका. उंच छत आणि ओळीने रंगीत काचेच्या खिडक्या. पश्चिमेच्या खिडक्या मैदानाकडे आहेत, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन काचांतून आत येतं. निळा-तांबडा प्रकाश टेबलावर उतरतो आणि उघड्या वहीवरून हळूहळू सरकतो. वाचायला बसलेल्याला त्याचा उपद्रवच होतो, पण तक्रार करणारा कुणी आढळलेला नाही.

तिथे अशी कोणती पुस्तकं आहेत जी दुसरीकडे मिळणार नाहीत?

हस्तलिखितं. संस्कृत हस्तलिखितांत भगवतसिंहजी संग्रह आणि भडकमकर स्मारक संग्रह हे दोन नावाजलेले. त्यांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी तयार केली आणि ती १९४४ साली छापली गेली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची त्याआधीच, १९३५ मध्ये निघाली होती. शिवाय विद्यापीठाला सादर झालेले जुने प्रबंध. एखाद्या विषयावर पूर्वी कुणी काय काम केलंय हे बघायला संशोधक येतात ते या प्रबंधांसाठी.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे भव्य ग्रंथालय उघडलं तेव्हा विद्यापीठात वर्गच भरत नव्हते. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्याचं काम परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवणं कॉलेजांत, आणि कॉलेजांची ग्रंथालयं त्यांची त्यांची. म्हणजे वाचनालय तयार, वाचक मात्र एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा ठिकाणी विखुरलेले. विद्यापीठाने स्वतः शिकवावं याला १९०४ च्या कायद्याने वाट करून दिली, आणि १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग आला तेव्हा इथे पदव्युत्तर अभ्यासाची खरी घडी बसू लागली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं मनोऱ्याची कीर्ती वाढली आणि ग्रंथालय मागे पडलं, त्यात नवल नाही.

रानडे, भांडारकर याच इमारतीत शिकले का?

नाही. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर १८६२ चे. तेव्हा या जागी कोनशिलासुद्धा नव्हती. विद्यापीठाचा कारभार टाउन हॉलमधून चाले. भांडारकर पुढे १८९३ मध्ये कुलगुरू झाले. त्यांच्या आधी काशिनाथ त्र्यंबक तेलंग, हे पहिले भारतीय कुलगुरू. विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, १८८८ ची, आणि त्या शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

मुंबई विद्यापीठात मराठीला सुरुवातीपासून स्थान होतं ना?

सुरुवातीला होतं, मग काढून घेतलं गेलं. देशी भाषांत अभ्यासाच्या योग्यतेची पुस्तकं नाहीत असा साहेबी युक्तिवाद होता. रानड्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं नेटाने बाजू मांडली, मराठीत ग्रंथनिर्मिती किती झाली आहे याचा हिशोबच समोर ठेवला. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले आणि त्याच सुमारास एम. ए. ला मराठीचा शिरकाव झाला. मराठीत एम. ए. केलेल्या प्रत्येकाने ही कथा ठाऊक करून घ्यावी.

शेजारचा तो हॉल म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरी का?

हा घोटाळा रोज होतो, आणि होणारच. हाकेच्या अंतरावर एकाच घराण्याच्या देणगीतून झालेल्या तीन वास्तू आहेत. ग्रंथालयाच्या शेजारी, विद्यापीठाच्या आवारात आहे ते सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह. तेही स्कॉट यांच्याच आराखड्याचं, १८७४ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या मोठ्या गोल खिडकीत बारा राशी रंगीत काचेत बसवल्या आहेत. पदवी घ्यायला डोक्यावर टोपी चढवून बसलेल्यांपैकी कितीजण मान वर करून आपली रास शोधतात कोण जाणे. दुसरी वास्तू रीगल सिनेमाच्या चौकातली, सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. तिच्यात आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिसरी जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहांगीर’ म्हणाल तर तो तिसरीकडे नेईल.

इथे किल्लाच नाही, मग या भागाला फोर्ट का म्हणतात?

किल्ला होता, पाडला. तटबंदी होती, खंदक होता, तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. तटाबाहेर तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून मोठं मैदान रिकामं ठेवलेलं असे. तेच एस्प्लनेड. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तट उतरवायला घेतला, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर एका रांगेत सार्वजनिक इमारती उभारायचं ठरलं. आजचं ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान हे त्या जुन्या मैदानाचे राहिलेले तुकडे. चर्च गेट होतं आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी. स्टेशनला नाव तेवढं राहिलं.

ग्रंथालयाच्या रांगेत आणखी कोणकोणत्या इमारती आहेत?

मैदानातून बघितलं की डावीकडे, म्हणजे उत्तरेला, हायकोर्ट. तेही नोव्हेंबर १८७८ मध्येच पुरं झालं. आराखडा कर्नल फुलर यांचा. छतावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला इथेच चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली ती इथेच. उजवीकडे दीक्षान्त सभागृह आणि त्यापलीकडे १८७४ चं जुनं सचिवालय, जिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. समोरचा रस्ता कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. जुनी मंडळी अजून मेयो रोडच म्हणतात. खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहं काढणाऱ्या माणसाचं नाव विद्यापीठाच्या दारातल्या रस्त्याला आहे, याचं मला बरं वाटतं.

पूर्वी समुद्र इथपर्यंत होता का?

अगदी दारापर्यंत नव्हे, पण मैदान संपलं की फार दूरही नव्हता. या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत ती त्यामुळेच. बोटीतून येणाऱ्याला आणि किनाऱ्यावर हवा खाणाऱ्याला शहराचा थाट दिसावा म्हणून. पुढे बॅकबेची भरणी होत गेली आणि १९३० च्या दशकात मैदानाच्या पलीकडे आर्ट डेको इमारतींची सलग ओळ उभी राहिली. गोलाकार गॅलऱ्या, आडव्या रेघा, फिकट रंग. त्या ओळीमुळे मनोऱ्याचा समुद्र झाकला गेला, पण ओव्हलला जगात क्वचित सापडेल असं रूप आलं. मधे सुमारे २२ एकरांचं मैदान, एका हाताला १८७० चं दशक आणि दुसऱ्या हाताला १९३० चं.

जागतिक वारसा यादीत नेमकं काय आहे? फक्त टॉवर?

नाही, दोन्ही बाजूंचा समूह. ‘मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह’ या नावाने ३० जून २०१८ ला बहारीनमधल्या मनामा इथल्या बैठकीत युनेस्कोने त्याची नोंद केली. क्षेत्र ६६.३४ हेक्टर. घारापुरीची लेणी १९८७ मध्ये आणि सीएसटी २००४ मध्ये यादीत आलं होतं, त्यानंतर मुंबईतलं हे तिसरं.

अलीकडे दुरुस्ती झाली ती कोणी केली?

इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिलेल्या चार कोटींहून अधिक रकमेतून. काम २०१५ मध्ये पुरं झालं. दगडाची सफाई, छत, लाकूडकाम, रंगीत काचा, असं सगळंच होतं. काचेचं काम सगळ्यात किचकट, कारण शिशाच्या पट्ट्यांत बसवलेला एकेक तुकडा सोडवून, पुसून, पुन्हा त्याच जागी बसवावा लागतो. खारा वारा, धूर आणि कबुतरं या तिघांपुढे कुठलीही दुरुस्ती कायमची नसते. पैसे द्यायला दाते पुढे येतात ते मोठ्या दुरुस्तीच्या वेळी. दरवर्षीच्या किरकोळ डागडुजीला कुणी देणगीची पाटी लावत नाही, आणि वास्तू टिकते ती नेमकी त्यावर.

काळा घोडा म्हणतात तो घोडा कुठे आहे?

मूळचा घोडा राणीच्या बागेत. त्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड बसलाय. पुतळा १८७९ चा, देणगी आल्बर्ट ससून यांची. १९६५ मध्ये तो इथल्या काळा घोडा चौकातून हलवला, पण चौकाचं नाव काही हललं नाही. २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. फेब्रुवारीत या भागात कला महोत्सव भरतो, १९९९ पासून. त्या दिवसांत निवांत इमारती बघायचा बेत आखू नका, गर्दीत खांद्याला खांदा लागतो.

जवळपास आणखी जुनी ग्रंथालयं आहेत का?

आहेत, आणि लोक त्यांची विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी गल्लत करतात. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची इमारत. टांकसाळ आणि गोदीतल्या कारागिरांनी सुरू केलेल्या संस्थेतून ती वाढली. तिच्या मागच्या बागेत आणि वरच्या गॅलरीतल्या लांब खुर्च्यांवर दुपारी डोळा लागलेले वाचक दिसतात. हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटी, तीच ती टाउन हॉलची इमारत, १८३३ ची. फोर्टमध्येच पेटिट लायब्ररी. तिन्ही सभासदत्वावर चालतात. एका दिवसात चारही बाहेरून पायी बघून होतात.

फाउंटनची पुस्तकं अजून मिळतात का?

मिळतात, पण पूर्वीचा पसारा राहिलेला नाही. २००५ च्या सुमारास महापालिकेच्या कारवाईत फुटपाथवरचे बरेचसे ढीग गेले. उरलेल्या विक्रेत्यांकडे परीक्षांची पुस्तकं आणि खपाऊ इंग्रजी कादंबऱ्यांचाच भरणा. तरी हाताने ढीग उपसायची तयारी असेल तर काहीतरी लागतं. विद्यापीठाच्या रद्दबातल शिक्क्याचं पुस्तक तिथे दिसणं यात अपूर्वाई काहीच नाही.

तिथवर गेलात तर हुतात्मा स्मारकापाशी थांबा. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर याच परिसरात गोळीबार झाला आणि १५ जण गेले.

फोटो कधी आणि कुठून चांगला येतो?

इमारतीचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ती सावलीत असते, मनोऱ्याच्या मागून सूर्य येतो आणि सगळं काळं दिसतं. दुपारी चारनंतर मैदानाच्या पलीकडच्या कुंपणापाशी उभे राहा. दगडाचा पिवळा रंग तेव्हा खुलतो. पावसाळ्यात मैदान हिरवंगार असतं, पण चिखल घोट्यापर्यंत.

जायचं कसं?

चर्चगेटला उतरा आणि ओव्हलमधून आडव्या जाणाऱ्या पायवाटेने चालत या, दहा मिनिटं पुरतात. सकाळी साडेदहाच्या आसपास या वाटेवर काळे कोट आणि बगलेत फायली अशी वकिलांची रांग असते, तिच्या मागे चाललं तरी चुकणार नाही. भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळच आहे. गाडी आणू नका, पार्किंगला जागा शोधण्यातच वेळ जाईल.

मार्कशीट किंवा डिग्री सर्टिफिकेटचं काम फोर्टला होतं का?

परीक्षा भवन कलिन्याला, विद्यानगरीत आहे. बहुतेक शैक्षणिक विभागही तिकडेच गेले. फोर्टच्या गेटवर येऊन परत फिरणारे पालक रोज दिसतात, तेव्हा सांताक्रूझची गाडी पकडायच्या आधी एकदा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुठला विभाग कुठे आहे ते बघून घ्या.